बडोद्याचा शागिर्दपेशा आणि पेद्रो बटलर

मराठीत एक जुना शब्द आहे, 'शागिर्दपेशा'. आता तो फारसा कानावर पडत नाही, पण जुन्या दरबारी कागदपत्रांत भेटतो. मोठ्या घरातला खालचा नोकरवर्ग म्हणजे हुजरे, खिदमतगार, फरास, मशालजी, पाणके, भोई, मुदपाकखान्यातले हरकामे, या सगळ्यांना मिळून शागिर्दपेशा म्हणत. एका शब्दात शेकडो माणसे बसतात आणि त्यातल्या एकाचेही नाव कळत नाही.

मी स्वतः सरकारी कचेरीत कारकून आहे. बी.ए.ला इतिहास होता, त्या इतिहासात राजे, लढाया आणि तह होते. नोकरीला लागल्यावर दुसराच इतिहास कळला. साहेब कुणावर रागावले आहेत, कुणाची बदली होणार, कुठली फाईल कुणाच्या घरी गेली, हे सगळे आधी शिपायाला ठाऊक असते. तो दाराबाहेर स्टुलावर बसलेला असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही, म्हणूनच त्याच्यासमोर सगळे बोलले जाते. तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. जुना वाडा पाहिला की मी मालकाच्या तसबिरीपेक्षा मागच्या दाराकडे जास्त बघतो.

काही वर्षांपूर्वी बडोद्याला जाण्याचा योग आला. (अधिकृत नाव वडोदरा झाले, तरी आपल्या मराठी तोंडी बडोदेच बसलेले आहे.) लक्ष्मी विलास राजवाडा पाहिला. १८७८ साली बांधकाम सुरू झाले, १८९० मध्ये पुरे झाले. मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडा केला, त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी काम पूर्ण केले. दरबार हॉल, रंगीत काचा, फरशीवरचे मोझेक, राजा रविवर्म्याची चित्रे... डोळे दिपतात. तिथे कानाला लावायचे यंत्र देतात, त्यातून सगळी माहिती मिळते. शिल्पकार कुठला, काच कुठली, झुंबर कुठले. ते ऐकत फिरताना माझ्या मनात आपले एकच, की ही झुंबरे उतरवून पुसायची कुणी? एवढ्या काचा धुवायच्या कुणी? पण यंत्राला प्रश्न विचारता येत नाही.

परत आल्यावर वाचायला घेतले तेव्हा लक्षात आले, की या प्रश्नाचे थोडेफार उत्तर बडोद्याच्याच इतिहासात आहे. लक्ष्मी विलास बांधण्याच्या आधी पाच वर्षे बडोद्यात दोन चौकशी आयोग बसले. दोन्ही महाराजांविरुद्ध होते, आणि दोन्हींत शागिर्दपेशा प्रथमच नावागावासह समोर आला. आणि मजा म्हणजे त्या गर्दीत आमचा एक गोंयकारही उभा आहे!

गोष्ट आहे मल्हारराव गायकवाड यांच्या कारकिर्दीची. त्यांचे थोरले बंधू खंडेराव नोव्हेंबर १८७० मध्ये वारले. मल्हाररावांवर त्यांच्याविरुद्ध कट केल्याचा वहीम होता, म्हणून ते पाद्र्याला कैदेत होते. तिथून ते थेट गादीवर आले. खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा करवला होता, मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा करवल्या. दरबार श्रीमंत होता आणि कारभाराविषयीच्या तक्रारी वाढत होत्या. मार्च १८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर रेसिडेंट म्हणून आले. त्यांनी तक्रारींचा ढीग सरकारकडे पाठवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली पहिला आयोग बसला.

या आयोगापुढे शेतसारा, सरदारांची वतने, सावकारांची देणी असे बरेच विषय होते. पण एक तक्रार वेगळी होती. चांगल्या घरच्या बायका-मुलींना जबरदस्तीने उचलून राजवाड्यात 'लौंडी' करतात, अशी ती तक्रार. लौंडी म्हणजे राजवाड्यातली दासी. आपल्या जुन्या मराठीत हिलाच बटीक किंवा कुणबीण म्हटले आहे. पगाराची चाकरी वेगळी आणि ही वेगळी. चाकर नोकरी सोडू शकतो. लौंडीला सोडता येत नाही, कारण ती घरच्या सामानात जमा असते. आयोगाने ही तक्रार खरी धरली.

आम्हा गोव्याच्या माणसांना यात नवल वाटू नये. आमच्याकडे मोठ्या भाटकारांच्या घरी 'पोसकें' असे. गरिबाचे किंवा अनाथ मूल लहानपणी घरात घ्यायचे, खाऊपिऊ घालायचे, वाढवायचे, आणि त्याने जन्मभर त्या घरात राबायचे. पोसकें घरचे की नोकर, असे विचारले तर घरची माणसे ठसक्यात सांगत, "घरचेंच!" पण जेवणाच्या मेजावर त्याला जागा नसे आणि महिन्याच्या शेवटी पगारही नसे. 'घरचे' हा शब्द असा दोन्ही बाजूंनी कापतो. बडोद्याच्या लौंड्यांवर उघड जबरदस्ती होती, आमच्या पोसक्यांवर मायेचे पांघरूण होते. पण घर सोडून जायची वाट दोघांनाही नव्हती.

आयोगाच्या अहवालानंतर जुलै १८७४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूक यांनी मल्हाररावांना बजावले, की १८७५ च्या डिसेंबरअखेरपर्यंत कारभार सुधारा. त्या काळात दादाभाई नौरोजी बडोद्याचे दिवाण होते. एका बाजूला दादाभाई, दुसऱ्या बाजूला महाराज आणि तिसऱ्या बाजूला फेअर, अशी ओढाताण चालली होती. महाराजांना काळजी होती, की रेसिडेंट आपल्याविषयी मुंबई-कलकत्त्याला काय लिहितो. ते कळायचे कसे? रेसिडेन्सीच्या टेबलावरचे कागद महाराजांना दिसत नव्हते. पण ते टेबल पुसणाऱ्या माणसाला दिसत होते.

रेसिडेन्सी म्हणजेही एक मोठे घरच होते. तिथे पट्टेवाल्यांचा जमादार नरसू होता, हवालदार रावजी होता. बटलर होता, सरबत करणारा अब्दुल्ला होता, हमाल होते. फेअर यांच्या कुटुंबातल्या बायकांकडे अमीना नावाची आया होती. राजवाड्याकडूनही माणसे येत. यशवंतराव नावाचा जासूद आणि सालम नावाचा स्वार यांची या नोकरांकडे ये-जा असे. दिवाळी-दसऱ्याला पोस्त, लग्नकार्याला आहेर, ही तर रीतच होती. आजही आपण पोस्तमनला, गॅसवाल्याला दिवाळीला काही देतोच. पण पोस्त कुठे संपते आणि बातमीची किंमत कुठे सुरू होते, ही रेघ फार पुसट असते. मे १८७४ मध्ये महाराजांनी नवसारीला लक्ष्मीबाईंशी लग्न केले, तेव्हा रेसिडेन्सीचा तळही तिकडे होता. या भेटीगाठी तिथेही होत राहिल्याचे पुढे साक्षींत आले. अमीनाने सांगितले, की ती रात्रीची हवेलीवर गेली होती. तिने मॅडमसाहेबांपाशी महाराजांविषयी चांगला शब्द टाकावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. हिंदुस्थानच्या राजकारणातली एक गाठ एका आयेच्या शब्दाने सुटेल, असे एका राजाला वाटत होते. यावरून त्या आयेचे महत्त्व कळते. आणि त्या राजाची अगतिकताही कळते.

९ नोव्हेंबर १८७४. सकाळचा फेरफटका आटोपून कर्नल फेअर आले. नेहमीप्रमाणे त्यांच्यासाठी पपनसाचे सरबत ठेवलेले होते. त्यांनी दोन-तीन घोट घेतले. थोड्या वेळाने मळमळू लागले, डोके गरगरू लागले. पपनस खराब असेल असे वाटून त्यांनी उरलेले सरबत ओतून दिले. पेला खाली ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला, मग तो मुंबईला डॉक्टर ग्रे यांच्याकडे गेला. सोमल आणि हिऱ्याची पूड, असा निष्कर्ष निघाला.

त्या क्षणापासून घरातली एकूण एक नोकरमाणसे संशयित झाली. साहेबाच्या घरात रोज वावरणारी, त्याच्या अंथरुणापासून पेल्यापर्यंत सगळ्याला हात लावणारी ही माणसे कोण आहेत, याकडे तोवर कुणी निरखून पाहिले नव्हते. आता त्यांचा खर्च मोजला जाऊ लागला.

फेअर यांची डिसेंबरच्या सुरुवातीला बडोद्याहून उचलबांगडी झाली, त्यांच्या जागी सर लुई पेली आले. तपासासाठी मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपल्या हाताखालचे अकबर अली, अब्दुल अली हे अधिकारी घेऊन आले. रावजी हवालदारावर नजर गेली ती त्याच्या खर्चामुळे. त्याने अलीकडेच दागिने केले होते, आणि पट्टेवाल्याच्या पगारात ते बसत नव्हते. माफीच्या वचनावर रावजीने कबुली दिली, की पुड्या राजवाड्यातून आल्या आणि पेल्यात त्यानेच टाकल्या. नंतर नरसू जमादारानेही कबुली दिली. त्याला माफीचे वचन नव्हते. कबुलीनंतर नरसूने विहिरीत उडी घेतली. लोकांनी त्याला बाहेर काढले.

मग सापडला तो पट्टा. रावजीच्या पट्ट्यात एक पुडी मिळाली आणि तिच्यात सोमल निघाला. तोवर तो पट्टा दुसऱ्या शिपायाच्या अंगावर चढलेला होता. पट्टेवाल्याची ओळख म्हणजे त्याचा पट्टा. त्याला नावाने हाक मारली नाही तरी चालते, पट्टा दिसला की काम सांगायचे. माणूस बदलला तरी पट्टा तोच राहतो. त्या पट्ट्यावरून पुढे न्यायालयात मोठे वादंग झाले.

आणि आता पेद्रो. कागदोपत्री त्याचे नाव पेद्रो द सौझा. घरी कदाचित पेद्रू म्हणत असतील. कर्नल फेअर यांचा हा जुना बटलर, गोव्याचा ख्रिस्ती.

गोव्याची माणसे साहेबांच्या घरी इतक्या मोठ्या संख्येने का पोचली, याचे कारण सरळ आहे. साहेबाच्या स्वयंपाकघरात गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही लागे, मेजावर दारू लागे. हिंदू नोकराला एक चालत नसे, मुसलमानाला दुसरे. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला कशालाच अडचण नव्हती. शिवाय काटे-चमचे, सूप, पाव यांची ओळख त्याला घरूनच असे. मुंबईला धोबी तलावाच्या आसपास गावागावांच्या 'कुडी' होत्या. नोकरी शोधणारा किंवा बोटीवरून उतरलेला गोंयकार आपल्या गावच्या कुडीत पथारी टाकी. तिथून कुणी बोटीवर कुक म्हणून, कुणी बँडमध्ये वाजवायला, कुणी साहेबाकडे बटलर म्हणून जाई. आमच्या कित्येक गावांतली घरे आणि खुरीस या लोकांनी पाठवलेल्या पैशांवर उभे आहेत. पण गावात त्यांची आठवण 'बोटीवर होता' किंवा 'साहेबाकडे होता' एवढ्या दोन शब्दांतच उरते.

पेद्रो विषप्रयोगाच्या थोडे आधी रजेवर गोव्याला जाऊन आला होता. तो प्रवास आज आपल्याला एका रात्रीचा वाटतो. तेव्हा बडोद्याहून मुंबईपर्यंत आगगाडी होती, पण गोव्यात रेल्वे नव्हती. मुरगावची लाईन पुढे १८८० च्या दशकात आली. म्हणजे मुंबईहून पुढे समुद्र. वाटखर्चच नोकरमाणसाला जड जाणारा. या वाटखर्चासाठी राजवाड्याकडून पैसे मिळाल्याचे पेद्रोने साक्षीत मान्य केले. रावजीचे म्हणणे होते, की पेद्रोही महाराजांना भेटायला येई आणि त्यालाही पुडी मिळाली होती. पेद्रोने ते साफ नाकारले. पैसे घेतले, पण विषाशी आपला संबंध नाही. सरकार पक्षातर्फे उभा केलेला हा साक्षीदार सरकारी गोष्टीला पूर्ण होकार देईना.

मला हा माणूस फार जवळचा वाटतो. घरी जायचे आहे, कनवटीला पैसे कमी आहेत, कुणीतरी पुढे करतो, आपण घेतो. त्यावेळी तो पैसा राजकारणातला आहे हे ठाऊक असो वा नसो, घरी वाट पाहणारी माणसे खरी असतात. आणि पुढे त्याच पैशाचा जाब एका भरल्या दरबारात द्यावा लागतो.

तो दरबारही साधासुधा नव्हता. २३ फेब्रुवारी १८७५ रोजी बडोद्याच्या छावणीत दुसरा आयोग बसला. अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड कौच. सोबत सर रिचर्ड मीड, फिलिप मेल्व्हिल, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. सरकारतर्फे मुंबईचे अॅडव्होकेट जनरल स्कोबल. महाराजांतर्फे खास लंडनहून आणलेले नामांकित वकील सर्जंट बॅलंटाइन, ज्यांची फी सुमारे दहा हजार पौंड होती असे म्हणतात. आणि या सगळ्यांपुढे साक्षीला कोण, तर हवालदार, जमादार, आया, बटलर! महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत यांनीही माफीवर कबुली दिली होती, पण खटल्याचा पाया होता तो नोकरांच्या जबान्यांवर.

बॅलंटाइन यांनी या साक्षीदारांना धुऊन काढले. पैसे खाणारे, माफीसाठी बोलणारे, पोलिसांच्या कोठडीत राहून शिकवलेले, असा त्यांचा रोख होता. पट्ट्यातली पुडी पोलिसांनीच ठेवली असेल, असेही त्यांनी सुचवले. वकील म्हणून त्यांचे मुद्दे चुकीचे नव्हते. माफीच्या लालचीने दिलेली कबुली जपूनच घ्यायला हवी.

निकाल बरोबर मध्ये फाटला. तिन्ही इंग्रज सभासदांनी आरोप सिद्ध मानला. शिंदे, रामसिंह आणि दिनकरराव यांना पुरावा पुरेसा वाटला नाही. पेद्रो आणि अब्दुल्ला नाकारतात, मग उरलेल्यांवर कसा विश्वास ठेवायचा, हाही त्यांच्या विचारातला एक मुद्दा होता. म्हणजे एका गोंयकार बटलरचे 'नाही' हे महाराजांच्या बाजूच्या पारड्यात पडले.

या निकालावर पुष्कळ लिहिले गेले आहे. इंग्रज एका बाजूला, देशी दुसऱ्या बाजूला, असा त्याचा अर्थ लावला जातो आणि तो बरोबरही आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एरवी 'नेटिव्ह नोकर खोटारडे' म्हणणाऱ्या साहेबांनी इथे नेटिव्ह नोकरांच्या शब्दावर एका राजाला दोषी ठरवले. आणि ज्यांच्या स्वतःच्या वाड्यांत असा शागिर्दपेशा पिढ्यान्पिढ्या राबत होता, त्या राजांना तो शब्द पुरेसा वाटला नाही. दोन्हीकडे नोकराचा शब्द सोयीप्रमाणे तोलला गेला. दोन्ही आयोगांचा विषय महाराज हाच होता. लौंड्या काय किंवा पट्टेवाले काय, ते होते पुरावा.

पुढे काय झाले ते प्रसिद्धच आहे. निकाल अर्धा-अर्धा लागल्यावर सरकारने विषप्रयोगाचा आधार सोडला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत केले. त्यांना मद्रासला नेले, तिथेच १८८२ मध्ये ते वारले. खंडेरावांच्या राणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज. सक्तीचे शिक्षण, वाचनालये, जातिभेदाविरुद्धचे कायदे, हे सगळे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, आणि ते खरेच मोठे काम होते.

शागिर्दपेशाच्या बाबतीत त्यांच्या काळात फरक पडला तो शिस्तीचा. राजवाड्याचा खर्च खानगी खात्याकडे, खात्याला अंदाजपत्रक, नोकराला नियम. कलावंत खात्याचे उदाहरण घ्या. १८८० साली सयाजीरावांचे लग्न तंजावरच्या राजघराण्यातल्या मुलीशी झाले, त्याच चिमणाबाई (पहिल्या). त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकींचा ताफा आंदण म्हणून बडोद्याला आला. गौरा आणि कांतिमती या त्यातल्या दोघी. माणसे आंदणात देण्याची रीत तेव्हाही चालू होती. पण बडोद्यात त्या कलावंत खात्याच्या पगारपत्रकावर चढल्या. आंदणातून पगारपत्रकावर येणे ही गोष्ट लहान नाही. पगारपत्रकावर नाव आले, की माणसाला रजा मागता येते, अर्ज करता येतो, पेन्शनसाठी भांडता येते. कारकून असल्यामुळे असेल, पण मला हजेरीपुस्तक ही फार मोठी वस्तू वाटते. त्यात माणसाचे नाव दर महिन्याला लिहावे लागते, आणि त्यासाठी कुणी विष घालावे लागत नाही.

गोव्यात १९७५ साली मुंडकार संरक्षण कायदा झाला, म्हणजे बडोद्याच्या खटल्यानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी. भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराला त्याच्या घरातून हुसकावता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरले. तिथेही हक्क मिळवायला आधी नोंदवहीत नाव यावे लागले, आणि त्यासाठी आमच्या मामलेदार कचेऱ्यांत लोक किती खेटे घालतात ते आम्ही रोज बघतो. पोसक्यांसाठी मात्र अशी नोंदवही कधी उघडलीच नाही.

आपल्या घरांतही पाहा. जुन्या फोटोत आजोबा खुर्चीवर, आजी बाजूला, मुले पुढे. आणि कडेला, अर्धे कापलेले, हातात मूल घेतलेले एक माणूस असते. फोटोच्या मागे सगळ्यांची नावे लिहिलेली असतात, त्याचे नसते. घरात अजून कुणी ऐंशी-पंच्याऐंशीचे असेल, तर त्यांना विचारून ते नाव पेन्सिलने लिहून ठेवा. एवढे आपल्या हातात आहे.